लाल खुणेचा माल

धंदा बुडवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. कुणी दारूनं बुडवतो, कुणी भावकीच्या भांडणानं, कुणी आळसानं. पण दुसऱ्याचा धंदा निव्वळ खरेपणानं, मांडी घालून, सावकाश, चहाचे घोट घेत बुडवायला बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मी कुणाला भ्यालो नाही. मी भाव करायला बसलो की समोरचा उठताना आधी आपला खिसा चाचपून बघतो, असा माझा लौकिक आहे. रागही नाकाच्या शेंड्यावर. पण मुलीच्या सासऱ्यापुढं आवाज चढवायची सोय नाही. ही रीत कुणी काढली ठाऊक नाही. ज्यानं काढली त्याला मुलगी नसणार, एवढं नक्की. त्यामुळं गेली कित्येक वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतो आहे आणि मी "घ्या की आबा, आणखी अर्धा कप घ्या" असं म्हणतो आहे. आज मात्र मी सगळं लिहून काढणार आहे. कागदावर कुणाला मान द्यावा लागत नाही.

धंदा माझा प्लास्टिकच्या भंगाराचा. नाक मुरडू नका. बारामती वाढायला लागली ती लोकांना बंगल्यांवरून कळली, मला उकिरड्यावरून कळली. दूध चरवीतून यायचं ते पिशवीतून यायला लागलं. तेल लोक घरची बरणी घेऊन आणायचे, त्याचे पाऊच झाले. सुपारी कागदात बांधून मिळायची, तिची चकचकीत पुडी झाली. नव्या कॉलन्या उठल्या, कारखाने आले, आणि प्रत्येक हॉटेलामागं, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक पांढरा-निळा ढीग साचायला लागला. लोक त्याला कचरा म्हणायचे, मी माल म्हणायचो. बारा वर्षं मी हातगाडी ढकलली. भंगारावर लसूण द्यायचो. फुटक्या बादलीला दोन मुठी लसूण. आता माझी मूठ केवढी, ते समोरच्या बाईच्या तोंडाच्या पट्ट्यावर ठरायचं. त्यातून वर येऊन मी औद्योगिक वसाहतीच्या कडेला भाड्यानं पत्र्याचं शेड घेतलं आणि प्लास्टिक भरडायचं एक जुनं मशीन आणलं. ते सुरू झालं की शेजारच्या गॅरेजवाल्याला स्वतःच्या शिव्या ऐकू येत नसत. हातगाडी मात्र मी विकली नव्हती. शेडमागं उलटी करून ठेवली होती. रोज सकाळी कुलूप काढताना ती चार चाकं वर करून माझ्याकडं बघायची, आणि मी तिला मनातल्या मनात म्हणायचो, तुझ्याकडं परत यायचं नाही.

इंदापूरकडच्या वरकुट्याला मुलगी द्यायची बोलणी सुरू झाली तेव्हा ह्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, "पाव्हणं, तुमचा उद्योग काय म्हणायचा?" मी म्हणालो, "पॅकिंग मटेरियलचा." ह्यात खोटं काय? माल बाहेर काढल्यावर मागं उरतं तेही पॅकिंगच. त्यांनी मान डोलावली. मुलगा चांगला होता, बारामतीतच कारखान्यात नोकरीला होता. लग्न झालं. सहा महिन्यांनी व्याही एस.टी.नं बारामतीला आले, पत्ता विचारत शेडवर पोचले, डोक्याचा फेटा सारखा केला आणि ढिगाकडं काठी करून म्हणाले, "ह्यो उकिरडा कुणाचा?"

"आपलाच, आबा," मी म्हणालो. त्या वेळी माझ्या कपाळावर जो घाम आला तो अजून आठवतो. आता माझी सुमन माहेरी परत येते की काय, ही एकच भीती. आबांनी वहाणा काढल्या. देवळात काढतात तशा, बाजूला नीट जोडीनं ठेवल्या. ढिगावर चढले, मधोमध मांडी घातली, दोन्ही हात कोपरापर्यंत आत खुपसले आणि डोळे मिटून आत चाचपून बघितलं. मग म्हणाले, "आरं तिच्या! पाव्हणं, तुमी तर मेंढरंच राखताय की!"

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. आबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आमच्याही घरात आजोबांपर्यंत होती. वडिलांनी मेंढरं सोडली आणि मी त्यांच्याबरोबर मेंढरांची रीतभातही सोडली. ह्या शेवटच्या वाक्याचं मोल मला पुढं चांगलंच मोजावं लागलं. आबांकडं अजून खांडभर मेंढरं होती आणि त्यांच्या पुढं चालणारी एक म्हातारी मेंढी होती. ती एका उन्हाळ्यात फुगून मेली. आबांनी तिचं पोट फाडलं तर आत गोळा निघाला, पिशव्यांचा. हॉटेलात भज्याबरोबर चटणी बांधून देतात तसल्या. ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या मेंढीचं वर्षश्राद्ध मला तोंडपाठ आहे. प्रत्येक वेळी गोळ्याचा आकार वाढतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नारळाएवढा होता, गेल्या दिवाळीत कलिंगडाएवढा झाला होता. पण तेव्हापासून आबांनी पिशव्यांशी जे वैर धरलं, ते एखाद्या माणसाशी धरलं असतं तर त्याला गाव सोडावं लागलं असतं. रस्त्याकडेच्या बाभळीला अडकलेली पिशवी दिसली की काठीनं ओढायची, झटकायची, घोंगड्यात टाकायची. आणि घोंगडं भरलं की त्याची मोट बांधून, एस.टी.च्या टपावर टाकून, बारामतीला माझ्याकडं. मोबदला विचारला तर म्हणायचे, "चुकार मेंढरू मालकाला पोचतं करायचं काय घ्यायचं?"

मालक मी! साऱ्या तालुक्यातल्या चुकार पिशव्यांचा!

एस.टी.चे कंडक्टर त्यांना ओळखायचे आणि त्यांच्यापासून लांब पळायचे. एकदा मी बरोबर होतो म्हणून सांगतो. गाडी इंदापूर सोडून बारामतीच्या वाटेला लागली होती. आबा खिडकीशी. अचानक उठून त्यांनी दोरीला हिसका दिला, घंटी वाजली, गाडी थांबली.

"कोण उतरतंय?" कंडक्टर ओरडला.

"कुणी न्हाय. एक चढायचीय."

आबा उतरले. कुंपणाच्या तारेला अडकलेली निळी पिशवी सोडवली, घडी घातली आणि परत येऊन बसले. कंडक्टर खवळला. "म्हातारबा, पिशवीसाठी गाडी थांबवतात होय? तिकीट काढा आता तिचं!"

"अर्धं काढतो," आबा म्हणाले, "ल्हान हाय."

गाडीभर लोक हसले. मी तोंडावर वर्तमानपत्र धरलं आणि मी ह्यांच्या ओळखीचा नाही, असं शेजारच्याला सांगायला लागलो, तोच आबांनी ती पिशवी माझ्या मांडीवर टाकली. "धरा पाव्हणं, तुमचीच हाय."

पिंपळीला माझ्या पुतण्याचं लग्न झालं त्यात तर त्यांनी कळस केला. आहेराच्या साड्या, धोतरं, शर्टपीस सगळं नव्या पद्धतीप्रमाणं प्लास्टिकच्या कव्हरात होतं आणि कुणाचा आहेर ते नाव कव्हरावर चिकटवलेलं होतं. आबांना कुणीतरी, व्याही माणूस म्हणून, आहेराच्या खोलीत मानानं बसवलं. तासाभरात त्यांनी सगळी कव्हरं काढून, झटकून, जाडीप्रमाणं चार थप्प्या लावल्या. इकडं साड्यांचा एक नुसता डोंगर. मग कुणाची साडी कुणाला गेली विचारू नका. नवऱ्याच्या आत्याला शर्टपीस मिळालं आणि मुलीच्या मामाला नऊवार. माझी चुलत बहीण अजून माझ्याशी बोलत नाही. आबांना सांगायला गेलो तर ते थप्प्यांवर हात फिरवत म्हणाले, "कव्हरं बगा की, एकात एक मिसळू दिलं न्हाई."

मिसळणं. माझं आणि त्यांचं भांडण ह्या एका शब्दावर आहे. आता धंद्यातली गोष्ट तुम्हाला सांगतो. सांगू नये, पण सांगतो. प्लास्टिक सगळं एक नसतं. दुधाच्या पिशवीची जात वेगळी, पावाच्या कव्हराची वेगळी, खताच्या गोणीची वेगळी. वितळवणाऱ्याला एका जातीचा माल लागतो. त्यात दुसरी जात गेली की वितळवून काढलेला दाणा खराब निघतो. आणि सुपारीची चंदेरी पुडी गेली की सगळ्या घाण्यात काळे ठिपके पडतात. म्हणून निवडलेल्या मालाला भाव. पण निवडायला वेळ लागतो. तेव्हा शहाणा माणूस काय करतो? चार गठ्ठे चांगले बांधतो, ते दाराशी ठेवतो, त्यांच्यामागं सरमिसळ माल बांधतो, वरून थोडं पाणी शिंपडतो म्हणजे वजनाला बरं. घेणाराही हे जाणून असतो आणि त्या हिशेबानं भाव पाडतो. म्हणजे दोघंही एकमेकाला फसवतात आणि दोघंही सुखी राहतात. ह्यालाच बाजार म्हणतात. मी हे आबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "काळी लोकर पांढऱ्यात गेली तर घोंगडं नासतं, पाव्हणं. आन वली लोकर इकणाऱ्याच्या घरात मेंढरू ऱ्हात न्हाई."

झालं. आठवड्यातून दोन दिवस आबा शेडवर मुक्कामाला. "लेकाकडं आलोय" म्हणायचे, पण सुमनच्या घरी फक्त जेवायला आणि झोपायला. बाकी सगळा वेळ माझ्या ढिगावर. मी पाणी मारून ठेवलेले गठ्ठे सोडून ते पिशव्या कुंपणावर वाळत घालायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, इथं बारसं आहे. निवडायला माझ्याकडं हौसाबाई होती, दहा वर्षं ह्या कामात मुरलेली, तोंडाची फटकळ. तिला सुरुवातीला म्हाताऱ्याचा राग आला. मग चार दिवसांनी मी बघतो तर ती हात थांबवून त्यांच्याकडं बघत बसलेली. "मालक," ती म्हणाली, "म्हातारं बगत न्हाई. ऐकतंय."

खरंच होतं. आबा पिशवी कानाजवळ नेऊन चुरगाळायचे आणि न बघता योग्य ढिगावर टाकायचे. दुधाची पिशवी मुकी असते, म्हणायचे, तिला कितीबी दाबा, पोटातलं सांगणार न्हाई. पावाचं कव्हर भांडखोर, हात लावायचा अवकाश की कडकड. चटणीची पातळ पिशवी नुसती कुजबुजते. आणि चंदेरी पुडीला ते लांडगा म्हणायचे. ढिगात लांडगा सापडला की मोठ्यानं "हाड् हाड्" करून लांब भिरकावायचे. शेडमधलं कुत्रं पहिले काही दिवस त्या आवाजाला भिऊन मशीनखाली जाऊन बसायचं. दहा माणसांचं काम दोन माणसांत होत होतं, हे मी नाकारत नाही. पण माझा बाजार मोडत होता त्याचं काय?

आणि नेमक्या त्याच वेळी पुण्याचे शेठ आले. प्लास्टिकचा दाणा काढायचा त्यांचा कारखाना होता. त्यांनी शेड बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "एक ट्रक पाठवा. माल पसंत पडला तर दर महिन्याला एक ट्रक घेईन. नाही पडला तर पुन्हा फोन करू नका." त्या काळात एवढा मोठा माल उचलणारा माझ्याकडं दुसरा कुणी नव्हता. शेडचं भाडं थकलं होतं. हा ट्रक जमला तर शेड माझ्याकडं राहणार. नाही जमला तर किल्ली शेडमालकाच्या हातात आणि मी हातगाडीवर, गल्लीबोळांतून "भंगारावर लसूऽण" करत. आणि तेही कुठं? जावई त्याच गावात नोकरीला. त्याच्या दोस्तांच्या दारात मी लसूण मोजणार. मला रात्री झोप येईना.

मी ठरवलं, नेहमीची युक्ती करायची. आबांनी आणि हौसाबाईनं निवडलेले दुधाच्या पिशव्यांचे गठ्ठे होते, आरशासारखे. ते ट्रकच्या दाराशी, शेवटी चढवायचे. आत माझा सरमिसळ माल. शेठ दार उघडतील, चांगला माल बघतील, पसंत करतील. मी आबांना एवढंच म्हणालो, "आबा, चांगल्या गठ्ठ्यांना खूण करून ठेवा. गर्दीत चुकायला नको." आबा खूश झाले. कमरेच्या पिशवीत गेरूचा खडा असायचाच. तो पाण्यात उगाळला आणि प्रत्येक चांगल्या गठ्ठ्यावर पाची बोटांचा लाल पंजा उमटवला. मेंढराच्या पाठीवर उमटवतात तसा. मी ते बघितलं. बघून मला आनंद झाला. आता बोला!

ट्रक सोमवारी यायचा होता. रविवारी मी खताच्या गोण्यांचा सौदा करायला सुप्याला गेलो. सौदा मनासारखा झाला. समोरचा माणूस जवळजवळ रडला. संध्याकाळी शीळ घालत परत आलो तर शेड अर्धं रिकामं. ट्रक एक दिवस आधीच येऊन गेला होता. दाराशी आबा बसलेले. आणि त्यांच्यामागं लाल पंज्यांचे सगळे गठ्ठे, एकूण एक, जागच्या जागी.

"आबा," मी म्हणालो, "हे... हे इथं कसे?"

"ऱ्हायले की. डायवर म्हणला काय भरू, म्या म्हणलं लाल सोडून समदं भर."

"लाल सोडून?"

"मंग? खुणेचं मेंढरू कोण इकतंय का, पाव्हणं? जे राखायचं, ज्याची पैदास धरायची, त्यालाच तर खूण. बाकीचं खाटकाला. तुमच्या आज्ज्यानं शिकवलं न्हाई व्हय तुमास्नी?"

शिकवलं होतं. लहानपणी आजोबांनी माझा हात धरून कोकराच्या पाठीवर गेरू लावला होता. मी विसरलो होतो. पण हे त्या क्षणी कबूल करण्याऐवजी मी शेडमागं गेलो आणि ज्या शिव्या व्याह्याला देता येत नव्हत्या त्या सगळ्या हातगाडीला दिल्या. हौसाबाई म्हणते, गॅरेजवाला त्या ऐकायला मुद्दाम काम थांबवून उभा होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट माल, ओला, सरमिसळ, लांडग्यांनी भरलेला, आडपडद्याशिवाय, तोंडाला पावडरसुद्धा न लावता पुण्याला निघाला होता.

बुधवारी सकाळी शेठ स्वतः आले. मागं तोच ट्रक, तोच माल. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी तोंड सोडलं. "हा माल आहे? जनावरसुद्धा खाणार नाही असला कचरा!" मी हात जोडले, ट्रकवाल्यावर ढकललं, पावसावर ढकललं, पाऊस पडून चार महिने झाले होते. शेठ ऐकेनात. तेवढ्यात ढिगावरून आवाज आला, "शेठ, जनावर खातंय म्हणूनच तर मरतंय. च्या घ्या आधी."

शेठ वळले. "हे कोण?"

"आमचे व्याही," मी म्हणालो. मेलेल्या आवाजात.

"शेठ, पाव्हण्यांवर रागवू नगासा," आबा खाली उतरत म्हणाले. "तुमच्याकडं गेलं ते खाटकाचं हुतं. घरचं हे बगा, हितं हाय. आता तुमी खाटीक न्हाई हे मला काय ठावं?"

शेठनं दोन्ही कानांना हात लावले. पण त्यांचे डोळे लाल पंज्यांवर गेले होते. त्यांनी चाकू मागवला, एक गठ्ठा मधोमध फाडला, आत हात घातला. कोरडा ठणठणीत. दुसरा फाडला. तिसरा फाडला. मला वाटलं आता हा माणूस माझं सगळं शेड फाडणार. मग त्यांनी विचारलं, "हे निवडलं कुणी?"

"म्या आन ह्या बाईनं."

"मशीनवर?"

"कानावर."

शेठना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. त्यांनी आबांना पाठ करून उभं केलं आणि मागून एकेक चुरगाळायला सुरुवात केली. "दुधाची," आबा म्हणाले. "पावाची. भज्याची. ही बी दुधाची, पर ताकाची." हौसाबाईनं पदर तोंडात कोंबला. शेठनं मग खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाचा वरचा पातळ पारदर्शक कागद काढला आणि हळूच चुरगाळला. आबांनी मान तिरकी केली. मी डोळे मिटले. बारा वर्षांची हातगाडी माझ्या डोळ्यांपुढं सुलटी होऊन उभी राहिली.

"पुन्यांदा करा," आबा म्हणाले. शेठनं केलं. "हे आपल्यातलं न्हाई. हे दिसतंय तसलं, पर हे झाडपाल्याचं हाय. जाळून बगा, कागदाचा वास येईल."

शेठनं काडी ओढली. जाळला. वास घेतला. आणि मग, मी सकाळपासून हात जोडून उभा असलेला बाजूला राहिलो, ते आबांच्या शेजारी त्या ढिगावर बसले आणि चहा प्यायले. जाताना लाल खुणेचे सगळे गठ्ठे घेऊन गेले. अट एकच घातली: "दर महिन्याला ट्रक येईल. पण फक्त लाल खुणेचा माल. तुमची खूण नको, ह्यांची."

तुम्ही म्हणाल, मग तक्रार काय? शेड राहिलं, ट्रक यायला लागला, आणि हातगाडीला शेवटी गंज चढला. तक्रार ही की आयुष्यभर घासाघीस करून मी जे नाव कमावलं, ते एका म्हाताऱ्याच्या हाताच्या पंज्याखाली गेलं. शेठचा फोन आला की पहिला प्रश्न, "म्हातारबाबा बरे आहेत ना?" माझी चौकशी नाही. पाणी मारता येत नाही, सरमिसळ करता येत नाही, मग घासाघीस करायला उरतं काय? मी भाव सांगतो, शेठ बरं म्हणतात. ह्यात धंद्याची मजा कुठं राहिली? आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही, की आबा एकदाही "पाव्हणं, माझं चुकलं" असं म्हणाले नाहीत. ट्रक त्यांनीच चुकवला होता. त्यातून चांगलं झालं हा माझ्या नशिबाचा भाग. चूक ती चूक. मी आडून आडून सुचवायचो. ते म्हणायचे, "काय चुकलं?" आणि पुढची पिशवी कानाला लावायचे.

आता आबा बारामतीला येत नाहीत. आधी गुडघे गेले, मग डोळे. ऑपरेशन झालं पण उजेड-अंधार एवढंच कळतं. मेंढरं राखायला घरात कुणी उरलं नाही, सगळी नोकरीला. शेवटी खांड विकलं. खुणेचं मेंढरू धरून, सगळं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं सुमन म्हणाली. पुढंही नुसते ओट्यावर बसून असायचे, मांडीवर रिकामे हात. वरकुट्याला जाऊन आल्यावर ती म्हणाली, "दादा, मामंजी दिवसभर कुणाशी बोलत नाहीत." मी म्हणालो, बरंच आहे, आमचे कान सुटले. आणि पुढच्या रविवारी एक गोणी पिशव्या भरून वरकुट्याला घेऊन गेलो. "आबा," मी म्हणालो, "हौसाबाईला एकटीला उरकत नाही. एवढं निवडून द्या." त्यांनी गोणीत हात खुपसले, कोपरापर्यंत, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बाहेर जाऊन शेजाऱ्याच्या बैलाकडं बघत उभं राहावं लागलं. संध्याकाळपर्यंत चार ढीग. तेव्हापासून दर महिन्याला एक गोणी नेतो. गाडीभाडं माझंच.

आता ह्यातली खरी गोष्ट सांगतो. हौसाबाईला चांगलं उरकतं. मी ती निवडलेली गोणी घरी आणतो, ओट्यावर ओततो, दोन्ही हातांनी पुन्हा सरमिसळ करतो आणि पुढच्या महिन्यात तीच परत नेतो. सरमिसळ करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

गेल्या खेपेला आबा निवडता निवडता थांबले. एक दुधाची पिशवी त्यांनी बोटांनी चाचपली, परत चाचपली. "पाव्हणं, ही मागल्या खेपेला बी आलती."

"छे! पिशव्या काय मेंढरं आहेत ओळखायला?"

"कोपरा दातानं फोडलाय. आन दात एक तुटका हाय." ते म्हणाले. माझी जीभ आपोआप माझ्या तुटक्या दातावर गेली. "ती त्येच्या आदल्या खेपेला बी हुती. समद्याच त्या हायत. तुमी घरी जाऊन मिसळता आन पुन्यांदा आणता."

माझा संताप झाला. चोरी पकडली गेली की होतो तसा. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी एवढ्या लांबनं येता," आबा म्हणाले. "आन मिसळायची सवय तुमची काय जायची न्हाई. म्हणलं, करू द्या."

मग त्यांनी तीच पिशवी मुक्या पिशव्यांच्या ढिगावर टाकली आणि पुढची कानाला लावली. मी तोंडाला येईल ते बोलणार होतो, पण शेवटची गाडी चुकली असती. चार ढीग गोणीत भरले. त्यांनी सवयीनं गेरू उगाळून गोणीवर खूण केली. निघताना मी वाकलो तसा त्यांनी अंदाजानं माझ्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाले, "सावकाश जावा."

घरी आल्यावर बायकोनं शर्ट धुवायला घेतला आणि ओरडली. पाठीवर मधोमध लाल पंजा, पाची बोटं उमटलेली. दोनदा साबण लावला, तिनं दगडावर घासला, पण तो डाग काही निघत नाही. शर्ट नवा होता. त्याचं काय करायचं, हे मी पुढच्या महिन्यात गेलो की आबांना चांगलं खडसावून विचारणार आहे. तोवर तोच घालतो आहे.